मुडी क्रमांक सत्त्याऐंशी

जयदेव माघात गेला. ज्येष्ठ लागला तेव्हा त्याच्या बायकोचा, काशीवहिनींचा फोन आला. पडवीचे पत्रे पावसाआधी बदलायचे होते आणि त्यासाठी आतले सामान हलवावे लागणार होते. "भावजी, तुमी या नि काय ठेवाचा, काय द्याचा ते बगा. अमितला त्यातला काय कलत नाय," त्या म्हणाल्या. अमित हा त्यांचा मुलगा. मलाही फारसे कळत नव्हते. पण नाही म्हणायला मला नेहमी उशीर होतो आणि तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो.

मी अंबरनाथ पश्चिमेला राहतो. चौतीस वर्षे एका रसायनांच्या कंपनीत नकाशे सांभाळायच्या विभागात काढली. कागदाला क्रमांक द्यायचा, वहीत चढवायचा, कपाटात ठेवायचा. याहून वेगळे मी आयुष्यात काही केले असे वाटत नाही. जयदेव खरवईचा शेतकरी. आम्ही बदलापूरच्या शाळेत एका वर्गात होतो आणि, हे लिहिताना अजून संकोच वाटतो, एका खो-खो संघात. मी काही खेळाडू नव्हतो. संघातला एक मुलगा कांजिण्यांनी पडला म्हणून जयदेवने मला वाचनालयातून हाताला धरून मैदानावर आणले आणि खांबाजवळच्या शेवटच्या चौकात बसवले. पाठीवर थाप पडली की ऊठ आणि पळ, तोवर आभाळ पडले तरी हलू नको, एवढेच त्याने शिकवले. त्या दिवसापासून तो मला खांब म्हणू लागला. सत्तरी उलटल्यावरही आमच्या इमारतीच्या जिन्यातून त्याची हाक यायची, "ए खांब, हाईस का घरान?" आणि शेजारच्या दारांतून माना बाहेर येत.

कल्याणच्या सामन्यात मी थाप न पडताच उठलो. त्यानंतर आमची साखळीच विसकटली आणि आम्ही हरलो. परतताना कोणी माझ्याशी बोलेना. जयदेवने फडके सोडले, भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि विचारले, "सुकट चालंल ना तुला?" आमच्या घरात सुकटीचे नावसुद्धा घेत नसत. मी खाल्ली. त्या सामन्याबद्दल तो पुढे कधी काही बोलला नाही. सुकटीबद्दल मात्र माझ्या लग्नातसुद्धा बोलला.

जुन्या वस्तूंचा नाद त्याला मागाहून लागला. खरवईतली घरे पाडून इमारती उठू लागल्या तेव्हा लोक उखळे, समया, बैलांच्या घंटा, भाताची मापे बाहेर टाकू लागले. जयदेव सायकल घेऊन जायचा आणि ते उचलून आणायचा. त्याच्या आजोळचे लोक मिठागरावर राबणारे. तिथली लाकडी फावडीसुद्धा त्याने मिळवली होती. कुठल्या तांब्यावर अक्षरे दिसली की तो वाचून घ्यायला माझ्याकडे यायचा. एकदा सागवानी काठवट खांद्यावर घेऊन तीन मजले चढला आणि माझ्या बायकोच्या, वृंदाच्या, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ती ठेवली. तो या वस्तू नुसत्या मांडून ठेवत नसे. जुन्या मापाने तांदूळ मोजायचा, जुने कुलूप दाराला लावायचा, जुन्या दिव्यात तेल घालायचा. त्याच्या घरात जुनी वस्तू आणि वापरातली वस्तू यांच्यामध्ये भिंत नव्हती. हे मी वर्षानुवर्षे पाहत होतो. तरीही पुढे माझ्या हातून जे व्हायचे ते झालेच.

तीन दिवस मी पडवीत बसून यादी केली. धुळीने शिंका येत होत्या, कंबर धरली होती, पण खरे सांगायचे तर मी सुखात होतो. दोऱ्याने चिठ्ठ्या बांधायच्या, क्रमांक घालायचा, चार शब्दांचे वर्णन लिहायचे. माझ्याजोगे काम होते. अमितने ठरवले होते त्याप्रमाणे निवडक वस्तू शाळेतल्या एका खोलीत जाणार होत्या आणि उरलेल्या उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या टेकचंदकडे. तो हॉटेलांची सजावट करून देतो. कोणती वस्तू कुठे, हे मी ठरवायचे होते.

तिसऱ्या दिवशी वहिनी डोळे दाखवायला गेल्या होत्या आणि अमित कंपनीत होता. पडवीच्या टोकाला पाणी तापवायची चूल आहे. तिच्यावरच्या फळीवर एक मुडी होती. भात साठवायला पेंढ्यात घट्ट आवळून, वर पेंढ्याचेच दोर गुंडाळून जो गोल गठ्ठा बांधतात, तो. मोठ्या हंड्याएवढी असेल. धुराने काळीकुट्ट झालेली. अशा मुड्या आता कोणी बांधत नाही असे मी एका पुस्तकात वाचले होते. काजळीवरून मी वयाचा अंदाज केला आणि वहीत लिहिले: क्रमांक सत्त्याऐंशी. भाताची मुडी. अंदाजे साठ वर्षे जुनी. शाळेच्या मुख्याध्यापिका उंदीर येतील म्हणून तिला नको म्हणाल्या, म्हणून मी ती टेकचंदच्या टेम्पोत ठेवली. पेंढा दुखावू नये म्हणून खाली गोणपाट घातले, हेही आठवते.

आठवड्याने वहिनींचा पुन्हा फोन आला. रोपांसाठी राबाची जागा भाजून नांगरून झाली होती, आता भात पेरायचे होते. "भावजी, चुलीवरची मुडी कुठं ठेवलीत?"

कुठली मुडी, असे मी विचारले, आणि विचारतानाच वहीत सत्त्याऐंशी क्रमांक शोधू लागलो.

दुपारी खरवईला गेलो. वहिनी अंगणात पाय पसरून बसल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. ती मुडी जयदेवने गेल्या कार्तिकात स्वतः बांधली होती. आत या सालचे बियाणे होते. हा भात त्याच्या आईने माहेरून मूठभर आणला होता आणि त्याला ते आईचा भात एवढेच म्हणत. दुसरे नाव कोणाला ठाऊक नव्हते, आणि तो आता आसपास दुसऱ्या कोणाच्या शेतात उरलेला नव्हता. चुलीच्या धुरात ठेवले की किडा लागत नाही. एका हिवाळ्याचा धूर मी साठ वर्षांचा समजलो होतो.

अमित कामावरून आला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि डबा ओट्यावर ठेवला. "काका, लिस्ट तुम्हीच केली ना? मग हात लावून नाही बघितलं, आत काय आहे ते?"

मी बघितले होते. आत दाणे लागत होते. यादीत मी 'आत धान्य असावे' असे लिहिलेही होते. पण हे मी त्याला सांगितले नाही.

तो म्हणाला की आता दुकानातून बियाणे आणू, नाहीतर या वर्षी राहू दे. शेजारच्या इमारतीचा ठेकेदार पाऊण एकराचा तो तुकडा खडी आणि सळया टाकायला मागत होता. शेत रिकामे राहिले तर अमित त्याला हो म्हणणार होता. एकट्याने नोकरी सांभाळून शेत त्याच्याने होणार नव्हते. खडी पडलेल्या जमिनीचे पुन्हा भातखाचर होत नाही, हे त्यालाही माहीत होते, वहिनींनाही.

"दुकानचा भात मना नको," वहिनी म्हणाल्या. "माघान त्यांचा वर्षश्राद्ध हाय. पन्नास वरसं त्यांनी यो भात लावला, नि पिंड मी पिशवीच्या तांदलाचा ठेवू?"

अमितने माझ्याकडे पाहिले नाही. स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाला, "चला काका."

कॅम्प एकच्या गल्लीत टेकचंदचे दुकान तीन पायऱ्या खाली आहे. बाहेर पत्र्यावर बैलगाडीची चाके आणि हंडे वाळत होते, आणि त्यांच्यामध्ये आमची मुडी. ती चमकत होती. टेकचंदने अभिमानाने ती उचलून दाखवली. "देखो अंकल, काला कचरा था. दो हाथ पॉलिश मारा, तीन दिन धूप में रखा. रिसॉर्ट का ऑर्डर है."

अमित मुडीकडेच पाहत उभा राहिला. म्हणून मलाच बोलावे लागले. मी आधी दिलगिरी व्यक्त केली, मग यादीची पद्धत सांगू लागलो, मग पुन्हा दिलगिरी. टेकचंद गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा अमितकडे पाहत राहिला. शेवटी अमित म्हणाला, "अंदर बीज है, सेठ. पप्पा का."

टेकचंदने मुडी खाली ठेवली. हात पँटला पुसले. "बीज है तो ये अपना माल नहीं, साईं. ले जाओ. मेरी अम्मा को पता चला मैंने बीज पे पॉलिश मारा, तो इस उमर में चप्पल खाऊंगा." चुकते करायचे काही नाही म्हणाला. मुडी स्कूटरवर मांडीत धरून मी मागे बसलो. सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारच्या रिक्षातल्या बाईने नाकाला पदर लावला. थिनरचा वास येत होता.

वहिनींनी विळ्याने मुडी फोडली. बाहेरचे दाणे पॉलिशने एकमेकांना चिकटून खड्यांसारखे झाले होते. त्याच्या आतले पिवळट पडले होते. गाभ्यातले मात्र जसेच्या तसे होते. वहिनींनी एक दाणा दाताखाली धरला, कट् असा आवाज आला. त्यांनी तीन सुपांत तीन वाटण्या केल्या, आणि बऱ्याच वेळाने पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "मोजाचा काम तुमचा. शंभर-शंभर दाने काढा."

मी पाटावर बसून दाणे मोजले. चुकलो, पुन्हा मोजले. ओल्या फडक्यांत गुंडाळून ती बोचकी चुलीजवळ टांगली. गाभ्यातले शंभर मी खात्रीसाठी घरीही आणले. वृंदाने आपले पोळ्यांचे फडके ओळखले, पण त्यात काय आहे हे ऐकल्यावर स्वतःच त्यावर पाणी शिंपडू लागली. चौथ्या दिवशी उघडले. आमच्याकडे बावन्न दाण्यांना मोड आले होते. खरवईला सत्तावन्न. बाहेरच्या सुपातले फक्त चार.

गाभ्यातले बियाणे जेमतेम सहा किलो, त्यातले निम्मे मेलेले. वहिनींनी शेताकडे पाहत मनाशी हिशेब केला. एका ठिकाणी चार-पाच रोपे रोवायची म्हटली तर चतकोर शेत होईल. अमित म्हणाला की चतकोरासाठी ट्रॅक्टर आणि रजा कोण घालवणार, आणि उरलेल्यात खडी पडली की त्या चतकोराला तरी कोण वाचवणार? त्याचे खोटे नव्हते.

तेव्हा मला सांगायचे होते. पण मला ते सांगायला दोन दिवस लागले. शेतकी खात्याची एक जुनी पुस्तिका माझ्याकडे आहे. जयदेवनेच रद्दीतून आणून दिली होती. तीत लिहिले आहे की कोवळे रोप एकेकच, वीतभर अंतरावर लावले तर त्याला फुटवे जास्त येतात आणि बियाणे फार कमी लागते. मी पुस्तकावरून एकदा त्यांचे नुकसान केले होते. आता पुन्हा पुस्तक घेऊन कोणत्या तोंडाने जायचे? वृंदा म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत तर खडी पडणार. सांगितलंत आणि चुकलं तरी खडीच पडणार." मी पिशवीत पुस्तिका घातली.

वहिनींनी ऐकले आणि विचारले, "एकेक?" मग हसल्या. जयदेव गेल्यावर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिले. "आमच्या सासूनी एकेक रोप बगून मना घरान नसता घेतला." अमितने मात्र पुस्तिका घेतली, उभ्या-उभ्या वाचली, पान परतून पुन्हा वाचले. शेवटी म्हणाला की लावून बघू, पण तो रजा तीनच दिवस टाकेल.

राब उगवला, विरळ पण हिरवा. अठराव्या दिवशी लावणी धरली. चिखलणी झालेल्या खाचरात अमित आणि मी सुतळी ताणून धरायचो आणि वहिनी, त्यांची जाऊ माधवी आणि वाड्यातल्या दोघी जणी सुतळीला धरून एकेक रोप बोटाने चिखलात सरकवत मागे जायच्या. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. पहिल्याच बांधावरून उतरताना घसरलो आणि बसलो, पार बसलो. माधवीवहिनी म्हणाल्या, "भावजी, पुस्तकान बसून लावाचा लिवलाय का?" चौघी कमरेत वाकलेल्या तशाच हसल्या. नंतर दिवसभर त्यांना विषय पुरला. ही लावणी आहे का रांगोळी, असे एकीने विचारले. दुसरी म्हणाली, बगळा आला तर त्याला वाटेल शेताला टक्कल पडलंय.

मी सुतळी धरून उभा होतो. पाऊस तिरपा लागत होता, चष्म्यावर पाणी, पोटऱ्यांत गोळे. दुपारी अमितने माझ्या हातातून खुंटी घेतली आणि बांधावर बसायला सांगितले. मी बसलो नाही, खुंटी परत घेतली. मग त्याने माझ्या टोकाची सुतळी जरा सैल सोडली, म्हणजे मला वाकावे लागणार नाही.

तीन दिवसांनी शेत लावून झाले, पाऊण एकर पुरते. वरून पाहिले तर ते लावलेले वाटत नव्हते. गढूळ पाण्यात हिरवे दोरे उभे होते, एवढेच. आषाढ संपता-संपता नाल्याला पूर आला आणि दीड दिवस तेही दिसेनासे झाले. मी अंबरनाथला खिडकीशी बसून होतो. फोन करायचे धाडस झाले नाही. वृंदाने केला. पाणी उतरले होते, गाळ बसला होता, काही रोपे आडवी होती. वहिनी आणि अमित बादलीने पाणी मारून एकेक पान धूत होते. दुसऱ्या दिवशी मीही गेलो. त्याच दिवशी ठेकेदार आला.

तो बांधावर छत्री घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की शेत तर रिकामेच आहे, गाडी उद्या पाठवू का? अमित चिखलात गुडघाभर होता. हातात बादली. आडव्या पडलेल्या रोपांकडे त्याने पाहिले. मला वाटले, आता हा हो म्हणेल, आणि त्याने हो म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

"लावलंय," अमित म्हणाला. "दिसत नाय तुम्हाला, पण लावलंय. गाडी नका पाठवू."

ठेकेदाराने खांदे उडवले आणि तो गेला. अमित पुन्हा वाकला. वहिनींनी मान वर केली नव्हती, पण त्यांचा हात पानावरच थांबला होता. मग तो हात पुढच्या रोपाकडे गेला.

त्यानंतर मला जवळजवळ महिनाभर जाता आले नाही. चिखलाने पायाला जखम झाली होती आणि डॉक्टरांनी घरी बसवले. या काळात मी पुस्तिका इतकी वाचली की तिची शिवण सुटली. तीतली आकडेवारी दुसऱ्या जिल्ह्यातली होती, दुसऱ्या जातीच्या भाताची होती. आईच्या भाताबद्दल तीत एक अक्षर नव्हते. हे मला आधी का दिसले नाही, या विचाराने झोप येईना. जयदेव असता तर म्हणाला असता की खांबाने विचार करायचा नसतो. पण तो नव्हता, आणि त्याच्या शेताची जोखीम मी त्याच्या माणसांना घ्यायला लावली होती.

श्रावणाच्या शेवटी वहिनींनी निरोप धाडला, की भावजींना जमेल तेव्हा यायला सांगा. कशाला ते सांगितले नव्हते. अमित स्कूटरवर न्यायला आला.

शेत दिसले तेव्हा मी आधी शेजारचे समजून पुढे पाहू लागलो. पाणी कुठे दिसतच नव्हते. रोपांच्या ओळी बाजूंनी भरून एकमेकींना टेकल्या होत्या. वाऱ्याने सगळे एकदम कलत होते आणि परत उभे राहत होते. वहिनी कमरेला पदर खोचून मधोमध उभ्या होत्या. त्यांनी मला हाताने आत बोलावले. मी चपला काढल्या आणि जपून उतरलो. त्यांनी एक रोप दोन्ही हातांनी बुडाशी फाकवले.

"मोजा," त्या म्हणाल्या.

मी वाकलो. एकाच काडीतून फुटलेले फुटवे बोटाने बाजूला करत मोजू लागलो. पाने ओली होती, हाताला खरखर लागत होती. एकोणीस भरले. माझा विश्वास बसेना. त्यांना सांगावे की नाही असे वाटले.

"एकोणीस," मी म्हणालो.

"मी बी तेवढंच मोजलं सकाली. म्हटलं, तुमी एकदा बगा." त्यांनी शेजारचे रोप फाकवले. "आता यो मोजा."

मागे बांधावर अमितने स्कूटर उभी करून पँट दुमडायला घेतली होती. मी दुसऱ्या रोपात हात घातला.